पडीक गाडीच्या आडून गावकूस नको!

अलिबागहून मुरुडकडे निघाले की तीसेक किलोमीटरवर काशीद लागते. एका हाताला पांढऱ्या वाळूचा किनारा, दुसऱ्या हाताला फणसाड अभयारण्याचे डोंगर, आणि मध्ये चिंचोळ्या पट्टीत गाव. या पट्टीवर मुंबई-पुण्याच्या धनवंतांची नजर पूर्वीपासूनच होती. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि अलिबागपासून मुरुडपर्यंत गुंठ्याचा भाव विचारायची सोय राहिली नाही. जिथे शेत होते तिथे कंपाऊंड आले, कंपाऊंडला फाटक आले, फाटकावर पहारेकरी आला. आणि जिथे जिथे असे बंगले येतात तिथे त्यांच्या पाठोपाठ एक तक्रारही येते : "समोरच्याच्या अंगणातली ती गंजलेली गाडी हलवा. परिसर ओंगळ दिसतो. आमच्या मालमत्तेची किंमत पडते."

मुंबईत बेवारस गाड्या उचलण्याच्या मोहिमा महानगरपालिका वर्षानुवर्षे चालवते. तोच विषय उद्या काशीद, नांदगाव किंवा मुरुडच्या पंचक्रोशीतल्या कोणत्याही ग्रामसभेपुढे आला तर आश्चर्य वाटायला नको. ठराव दिसायला साधा असेल. भंगार हटवा, गाव स्वच्छ ठेवा, याला कोण नाही म्हणेल? पण वरून साधे दिसणारे नियम आतून कोणाला कापत जातात, हे या देशात आमच्याइतके कोणी अनुभवलेले नाही. म्हणून हा विषय ग्रामसभेत येण्याआधीच आम्ही तो आमच्या वाचकांपुढे मांडत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही भंगाराचे वकील नाही. पडून राहिलेल्या गाडीत पावसाचे पाणी साचते, त्यात डास होतात आणि डेंग्यूचा ताप आधी शेजारच्या झोपडीत शिरतो, बंगल्यात नव्हे. बॅटरीतले शिसे आणि आम्ल, इंजिनातले जुने तेल जमिनीत मुरते आणि विहिरीपर्यंत पोहोचते. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला दोन लहान भावंडे खेळता खेळता एका जुन्या पडीक गाडीत शिरली, दार आतून उघडले नाही, आणि दोघांचेही मृतदेहच बाहेर काढावे लागले. ती लेकरे कष्टकऱ्यांच्या वस्तीतली होती. त्यामुळे पडीक गाडी हटली पाहिजे, यात आमचे दुमत नाही. आमचे भांडण आहे ते गाडी कोणत्या कारणासाठी हटवायची, कोणाची हटवायची आणि कशी हटवायची, या तीन प्रश्नांवर!

गाडी अंगणात का पडून राहते, हे आधी समजून घेतले पाहिजे. आळस हे तिचे कारण नव्हे. या जिल्ह्यात सहा आसनी मिनीडोरवर कितीतरी कुटुंबांची चूल पेटली. नोकरी नाही, शेती नाही, खंडाची जमीन गेली, तेव्हा बचत गटाचे किंवा पतपेढीचे कर्ज काढून आमच्या पोरांनी स्टिअरिंग हातात धरले. खाऱ्या वाऱ्याने इथला पत्रा घाटावरच्या मानाने लवकर खातो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळले, त्याआधीच टाळेबंदीने पर्यटक बंद झाले होते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत काशीदजवळचा जुना पूल कोसळला, एका दुचाकीस्वाराचा जीव गेला आणि अलिबाग-मुरुड वाहतूक तुटली. धंदा बंद, हप्ता मात्र चालू! पुढे एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षे झालेल्या खाजगी मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी ६०० रुपयांवरून एकदम ५,००० रुपये झाली, धंद्याच्या जुन्या गाड्यांच्या तपासणीची फीही कित्येक पटींनी वाढली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. योग्यता प्रमाणपत्राला उशीर झाला तर रोजचे ५० रुपये विलंब शुल्क. याविरुद्ध २०२४ मध्ये राज्यभरातले रिक्षाचालक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे राज्य सरकारने त्या वसुलीला स्थगिती दिली. कागद पुरे करायला पैसा नाही, दुरुस्तीला पैसा नाही, म्हणून गाडी अंगणात उभी राहते. ती मालकाच्या लेखी भंगार नसते. तिचे इंजिन, तिचे टायर, तिचा सांगाडा ही त्याची शेवटची पुंजी असते. चार पैसे जमले की उद्या तीच रस्त्यावर येईल, या आशेवर तो असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सार्वजनिक जागेत दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी उचलण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ ने दिला आहे. सार्वजनिक रस्त्यावरचा व मोकळ्या जागेवरचा अडथळा हटवण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ ने ग्रामपंचायतीला दिला आहे. आयुष्य संपलेल्या गाड्यांसाठी केंद्राचे नवे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. त्यानुसार आयुष्य संपल्यापासून १८० दिवसांत गाडी अधिकृत केंद्रावर जमा करणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि अशा गाड्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. म्हणजे रस्ता अडत असेल, आरोग्याला धोका असेल, तर कायदा आधीच हजर आहे. मग नव्या नियमात नवे काय हवे आहे? नवे हवे आहे ते एकच : 'परिसराची किंमत' हे माप. गाडी रस्त्यावर नसेल, कोणाच्या वाटेत नसेल, मालकाच्या स्वतःच्या अंगणात असेल, तरीही ती कोणाच्या तरी नजरेला खुपते म्हणून हटवायची. आमचा विरोध आहे तो या मापाला!

किंमत वाढते म्हणजे कोणाची वाढते? जमीन विकायची आहे त्याची, आणि घेऊन पुन्हा विकायची आहे त्याची. ज्याला आपल्या बापजाद्याच्या घरात राहायचे आहे, मरायचे आहे, त्याच्या हातात त्या वाढीव किमतीतला एक पैसाही येत नाही. उलट खिशातून जातो. २०१५ च्या अखेरीस ग्रामपंचायतीच्या कर व फी नियमांत बदल झाला आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे जमिनीच्या रेडी रेकनर दराचा आधार घेऊन, बसू लागली. शेजारी बंगला उठला, दर चढला, की कुडाच्या घराचीही पट्टी चढण्याची वाट मोकळी होते. मुलाचे लग्न झाले, वेगळी खोली बांधायची म्हटली तर गावात गुंठा घेणे त्याच्या सात पिढ्यांना जमणार नाही. म्हणजे 'सगळ्या गावाच्या मालमत्तेची किंमत वाढेल' या वाक्यातले 'सगळे' कोण, हे ज्याने त्याने तपासून घ्यावे.

मालमत्ता आणि स्थानिक ठराव यांची गाठ कशी पडते, हे रायगड जिल्ह्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब आपल्या हजारो बांधवांसह त्या तळ्यावर गेले आणि ठराव प्रत्यक्षात आणला. त्यावर नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपलाच ठराव मागे घेतला! आणि डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी दावा ठोकला. त्या दाव्यात त्यांनी थेट धर्माचा आधार पुढे केला नाही. त्यांचे म्हणणे होते की हे तळे स्पृश्यांच्या खाजगी मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे. गुरेढोरे पाणी पीत होती तोवर कोणाला मालमत्ता आठवली नाही. माणूस पाणी प्यायला तेव्हा मालमत्ता आठवली. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला. दहा वर्षे! विटाळ हा शब्द न्यायालयात टिकत नाही हे ओळखून मालमत्ता हा शब्द पुढे करण्याची ही युक्ती याच जिल्ह्यात, याच मातीत घडलेली आहे. म्हणून 'आमच्या मालमत्तेची किंमत' असे कोणी म्हणाले की आमचे कान टवकारतात.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे, पण त्याचीही नाळ रायगडशी जुळते. मुंबईत बेवारस गाड्या उचलल्या जातात त्या महानगरपालिका कायद्याच्या कलम ३१४ खाली. रस्त्यावर बेकायदा उभारलेली, ठेवलेली किंवा विकायला मांडलेली कोणतीही गोष्ट पूर्वसूचनेशिवाय हटवण्याचा अधिकार हे कलम आयुक्तांना देते. आता हेच कलम आणखी कोणावर चालले ते पाहा. १३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या सर्वांना जबरदस्तीने हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवले जाईल. अंतुले या जिल्ह्याचेच सुपुत्र. त्यांच्याच कारकिर्दीत, त्याच १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. भर पावसाळ्यात गोरगरिबांची पाले, झोपड्या उखडल्या गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी आला. न्यायालयाने सांगितले की घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आहे. कलम ३१४ न्यायालयाने रद्द केले नाही. पण आयुक्तांना पूर्वसूचना न देण्याची मुभा असली तरी माणसाला त्याचे म्हणणे मांडू देणे हाच सर्वसाधारण मार्ग असला पाहिजे, असे बजावले. पावसाळा संपेपर्यंत झोपड्या पाडू नका, असेही सांगितले.

याचा अर्थ समजून घ्या. ज्या कलमाने बेवारस गाडी उचलायची, त्याच कलमाने जिवंत माणूस उचलण्याचा उद्योग या राज्यात झालेला आहे. कायद्याच्या लेखी रस्त्यावरची गाडी, रस्त्यावरची हातगाडी आणि रस्त्यावरची झोपडी यांत फरक नव्हता. तो फरक करायला भाग पाडले ते भारतीय संविधानाने. म्हणून पडीक गाडीचा नियम बनवताना आज आम्ही नोटीस आणि सुनावणी यांचा आग्रह धरतो. आज गाडीसाठी जी पद्धत पडेल, तीच उद्या किनाऱ्यावरच्या शहाळेवाल्याच्या टपरीला आणि परवा वाडीवरच्या कुडाला लागेल.

जगाचा अनुभवही वेगळा नाही. अमेरिकेत गावोगावी असे नियम आहेत : नोंदणी संपलेली, न चालणारी मोटार रस्त्यावरून दिसेल अशी अंगणात ठेवायची नाही, ठेवली तर दंड. कारण काय, तर आजूबाजूच्या घरांच्या किमती. पण त्याच देशात घरांच्या किमतीचा इतिहास काय आहे? १९३० च्या दशकात तिथे सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढले आणि काळे लोक राहतात त्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या. तिथे कर्ज देणे धोक्याचे ठरले. काळा माणूस शेजारी आला की घराची किंमत पडते, हा तिथल्या व्यवहाराचा नियमच होता. घर काळ्यांना विकायचे नाही अशा अटी खरेदीखतांत लिहिल्या जात. न्यायालयांनी त्या अटी अमलात आणू नयेत हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितले, आणि घरांच्या व्यवहारातला भेदभाव कायद्याने बंद व्हायला १९६८ साल उजाडले. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते, कारण त्यांची आणि आपली दुखणी सारखी आहेत हे ते जाणून होते. तिथली लाल रेघ आणि इथले गावकूस यांत फरक फक्त रंगाचा आहे.

आणि आपल्याकडे? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला जागा नाकारली गेली तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला. उठलाच पाहिजे होता. पण आडनाव विचारून खोली नाकारली जाते हा अनुभव आमच्या मुलामुलींना आजही येतो, तेव्हा हा महाराष्ट्र कुठे झोपलेला असतो?

शोभेची भाषा बोलणाऱ्यांनी थोडे आपल्या फाटकाच्या आतही पाहावे. अलिबाग आणि मुरुड तालुक्यांच्या किनाऱ्यावर सागरी नियमन क्षेत्राचे नियम धाब्यावर बसवून बंगले उठले आणि त्यावरून मुंबई उच्च न्यायालयाला प्रशासनाचे कान उपटावे लागले. किहीमचा नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडावा लागला. वर्षानुवर्षे तो उभा होता तेव्हा परिसराची किंमत पडली नाही काय? किनारा सर्वांचा आहे. तो अडवणारी भिंत खुपत नाही आणि गरिबाच्या अंगणातली मिनीडोर खुपते! सुट्टीत येऊन वाळूत गाड्या घालणारे आणि भरतीत त्या अडकवून घेणारे पर्यटक किनाऱ्याची जी नासधूस करतात, तिचा हिशेब कोणत्या रजिस्टरात लिहिला जातो?

आणखी एक प्रश्न कोणी विचारत नाही. उचललेली गाडी नेऊन टाकणार कुठे? गावातले मेलेले ढोर ओढून गावाबाहेर टाकण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या माथी मारले गेले. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते जू फेकून द्यायला सांगितले आणि आमच्या आज्या-पणज्यांनी ते फेकले. आता मेलेल्या गाड्या बौद्धवाडीच्या किंवा कातकरी वाडीच्या कडेला, गायरानात आणून टाकल्या जाणार असतील, त्यांतले तेल आमच्या विहिरीत उतरणार असेल आणि त्या फोडायला हातमोजेही न देता आमचीच पोरे लावली जाणार असतील, तर ढोर बदलले, पण ओढणारा तोच राहिला, असेच म्हणावे लागेल.

म्हणून असा नियम करायचाच असेल तर आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली : नियमाचे माप फक्त दोनच असावे, सार्वजनिक वाट आणि आरोग्य-सुरक्षा. 'शोभा', 'दर्जा', 'परिसराची किंमत' हे शब्द ठरावात येता कामा नयेत. दुसरी : नियम सर्वांना एक. मिनीडोरला जो न्याय तोच बिल्डरच्या पडलेल्या जेसीबीला, रिसॉर्टच्या जुन्या बसला आणि बंगल्याच्या ताडपत्रीखाली कुजणाऱ्या परदेशी मोटारीला. तिसरी : मराठीत लेखी नोटीस, किमान तीस दिवसांची मुदत आणि म्हणणे मांडण्याची संधी. काचेवर कागद चिकटवला म्हणजे नोटीस झाली, हे चालणार नाही. चौथी : गाडी भंगारात गेली तर तिचे पैसे मालकाच्या हातात पडले पाहिजेत, पंचायतीच्या किंवा दलालाच्या नव्हे. पेणच्या परिवहन कार्यालयाने मुरुड तालुक्यात शिबिर घ्यावे. नोंदणी रद्द करणे, जमा प्रमाणपत्र आणि थकबाकीचा हिशेब एकाच ठिकाणी उरकावा आणि बंद गाडी वाहून नेण्याचा खर्च चालकाच्या बोडक्यावर टाकू नये. जमा प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, हे किती चालकांना कोणी सांगितले आहे? पाचवी : उचललेल्या गाड्या कोणत्याही वस्तीलगत साठवल्या जाणार नाहीत, हे ठरावातच लिहावे.

पर्यटनावर पोट असलेल्या स्थानिक आगरी, कोळी, मुस्लिम, बौद्ध बांधवांनाही आम्ही सांगतो की तुमच्या घरगुती खानावळीला आणि भाड्याच्या खोल्यांना स्वच्छ गाव हवे, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्या दिवशी गावाची स्वच्छता बंगल्याच्या बाल्कनीतून मोजली जाईल, त्या दिवशी तुमचे वाळत घातलेले जाळे, तुमची सुकी मासळी आणि तुमची उलटी टाकलेली होडीही 'ओंगळ' ठरेल. तेव्हा या प्रश्नावर बहुजनांनी एकत्र यावे, यातच सर्वांचे हित आहे.

आणि आमच्या वस्तीतल्या तरुणांना दोन शब्द. ज्या गाडीचे काही होणार नाही हे ठाऊक आहे, ती उगाच दारात कुजवू नका. तिची बॅटरी काढा, पाणी साचू देऊ नका, दारे कायमची बंद करा किंवा काढून टाका, लेकरांना जवळ फिरकू देऊ नका आणि वेळेत तिचे पैसे करा. हे बंगलेवाल्यासाठी नव्हे, आपल्या लेकरांसाठी करायचे आहे. ग्रामसभेची दवंडी ऐकून घरात बसू नका. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत आमच्या जागा राखून ठेवल्या आहेत. त्या जागांवर बसलेल्या आमच्या प्रतिनिधींनी ठरावाखाली मुकाट सही करायची नसते. ठराव वाचायचा असतो, प्रश्न विचारायचा असतो, आपले म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यायचे असते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज हे आजचे हत्यार आहे, ते वापरा.

१९२७ साली याच जिल्ह्यात एका नगरपालिकेचा ठराव बदलला गेला आणि तो आमच्या पाठीमागे बदलला गेला. तेव्हा त्या सभागृहात आमचा आवाज नव्हता. आज ग्रामसभेत आमचे मत आहे, आवाज आहे आणि संविधान पाठीशी आहे. तेव्हा पडीक गाडीचा ठराव ज्या दिवशी येईल त्या दिवशी पहिल्या रांगेत जाऊन बसा, आणि त्यात 'किंमत' हा शब्द कुठे दडवून ठेवला आहे ते शोधून काढा.

जय भीम!